दीड नर्स

खोलीत यंत्रं अकरा, खुर्च्या अकरा, खुर्च्यांत माणसं अकरा आणि सिस्टर दोन. हे गणित कोणत्याही शाळेत घाला, पोरं म्हणतील फळ्यावर काहीतरी चुकलंय. बरं, हॉस्पिटलला नियम माहीत नव्हता असंही नाही. खोलीच्या दारातच चौकट करून तक्ता लावलेला होता की डायलिसिसला तीन पेशंटमागे एक नर्स असावी. तक्ता छापलाही सुरेख होता. त्याची काच रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली जायची. पण काच कितीही घासली तरी तिच्यातून नर्स थोडीच बाहेर येते!

दोघींपैकी मोठ्या सिस्टरांना सगळे फौजदारबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वय बावन्न, अंगाने भरलेल्या, चालणं मात्र असं की मागून बघणाऱ्याला वाटावं यांची गाडी सुटतेय. आवाज इतका खणखणीत की त्या पेशंटला "पाणी कमी प्या" म्हणून ओरडल्या की खालच्या मजल्यावरचे लोकही हातातला पेला खाली ठेवत असतील. दुसरी धाकटी सिस्टर. हिला येऊन चार वर्षं झाली होती. बोलायची कमी, सुई मात्र अशी अलगद लावायची की पेशंट म्हणत, "लागली का? मग सांगायचं ना!"

डायलिसिस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी स्वतःला नशीबवान समजावं. किडन्यांनी काम सोडलं की माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून घ्यावं लागतं. हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर, यंत्रात धुऊन, अंगात साठलेलं पाणी काढून, दुसरीतून आत. यंत्र कामाचं चोख, पण स्वभावाने भारी किरकिरं. हात जरा वाकला, बोंबललं. नळी दबली, बोंबललं. आणि कधी कधी तर काहीच झालेलं नसताना, आपल्याकडे कुणी बघत नाही एवढ्यावरून बोंबललं. असली अकरा बाळं आणि आया दोन.

पूर्वी तिसरी सिस्टर होती. ती तीन वर्षांपूर्वी सोडून गेली. मॅनेजर म्हणाले, "भरती चालू आहे." त्यानंतर मॅनेजर दोनदा बदलले, वाक्य तेच राहिलं.

मग चालत कसं होतं? तर ते असं.

एक नंबरच्या खुर्चीत गणिताचे सर होते, निवृत्त. एकदा शेजारच्या दोन नंबरच्या आजींचं यंत्र ओरडायला लागलं. फौजदारबाई पाच नंबरला सुई लावत होत्या, धाकटी आठ नंबरला. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. सरांनी उभ्या आयुष्यात वर्गातला आवाज खपवून घेतला नव्हता. त्यांनी आपला मोकळा हात लांब केला, आजींच्या यंत्राचं आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आजी, कोपर सरळ करा." आजींनी केलं. दिवा हिरवा!

फौजदारबाईंनी सरांना असं फैलावर घेतलं की बाकीचे दहा जणही माना खाली घालून बसले. "यंत्राला हात लावायचं काम नाही! उद्या सुया पण तुम्हीच लावा, आम्ही बसतो घरी!" पुढच्या खेपेला आजींचं यंत्र पुन्हा ओरडलं. सर मुद्दाम छताकडे बघत बसले. यंत्र सव्वा मिनिट कोकललं. शेवटी फौजदारबाई धापा टाकत आल्या, आजींचा हात सरळ केला आणि सरांकडे न बघताच म्हणाल्या, "आवाज तेवढा बंद केलात तर चालेल. पण मला ओरडून सांगायचं. गुपचूप केलंत तर माझ्याशी गाठ आहे."

बोट द्यायचा अवकाश, माणसं हात धरतात. सहा महिन्यांत सगळी खोली कामाला लागली. ज्याचा त्याचा मोकळा हात शेजाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोचत होताच. सरांनी सगळ्यांना शेजाऱ्याचं ब्लडप्रेशर तक्त्यात लिहायला शिकवलं, वर अक्षर वाईट आलं तर पुन्हा लिहायला लावलं. सात नंबरच्या ड्रायव्हरने पुकारण्याचं खातं घेतलं. "चार नंबर, पिवळा! नळी दबली!" असं तो ओरडला की रस्त्यावरची माणसं बाजूला व्हावीत. आजींकडे वजनकाटा. कोण किती पाणी पिऊन आलं त्याची झडती त्या घेत. "तीन किलो वाढलास? पाहुणे आले होते म्हणतोस, मग पाहुण्यांनाच प्यायलास की काय?" आणि सहा नंबरचे शिंपीकाका. हे फारसं बोलत नसत. नुसत्या नजरेने माणसाचं माप घ्यायची जन्माची सवय, त्यामुळे कुणाचा चेहरा उतरायला लागला की यंत्राच्या आधी काकांना कळायचं. ते हळूच म्हणत, "सिस्टर, तीन नंबर जरा बघता का?" आणि बघितलं की तिथे काहीतरी निघायचंच.

हे बरोबर नाही हे फौजदारबाईंना कळत होतं. आत कुठेतरी टोचतही होतं. पण रोज सकाळी सातला अकरा माणसं काट्यापुढे रांगेत उभी असत, मग टोचून घ्यायला तरी सवड कुणाला?

घरीसुद्धा त्यांच्या कानातली ती यंत्रं बंद होत नसत. ओव्हनची शिट्टी वाजली की त्या दुसऱ्या खोलीतून ओरडत, "हात सरळ करा!" त्यांचे यजमान निवृत्त बस कंडक्टर, शांत माणूस. ते म्हणत, "अगं, तो ओव्हन आहे. त्याला हात नाहीत."

अशात एका शुक्रवारी मॅनेजरांनी बोलावलं. सगळ्या विभागांत माणसं किती लागतात याची मोजणी होणार होती. मोजणीवाले एक साहेब सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस कोपऱ्यात बसून घड्याळ लावून बघणार होते.

फौजदारबाईंना आनंद मावेना. तीन वर्षांनी का होईना, कुणीतरी येऊन बघणार तरी! त्याच आनंदात त्यांनी खोलीत येऊन सगळ्यांना सांगितलं, "सोमवारी एक साहेब येणार आहेत. आपली खोली बघणार आहेत. नीट वागा. माझी लाज राखा."

हीच चूक झाली. पेशंटनी ते मनावर घेतलं.

सोमवारी साहेब आले. किडकिडीत, गळ्यात टाय, टायवर स्टॉपवॉच, मांडीवर रकान्यांचे कागद. कोपऱ्यात बसले. आणि त्या दिवशी त्या खोलीत जे घडलं ते कुठल्याही हॉस्पिटलात घडलं नसेल. यंत्राने पहिला 'टुं' केला रे केला की शेजारचं बोट बटणावर. ड्रायव्हर ओरडला नाही, बोटांनी खुणा करत होता. ब्लडप्रेशरचे आकडे मोत्यासारख्या अक्षरात तक्त्यावर उमटत होते. हात वाकत नव्हते, कारण सरांनी दम भरला होता की ज्याचा हात वाकेल त्याच्याशी मी बोलणार नाही. आजी तर साहेबांकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सिस्टर म्हणजे वीज हो. कधी येतात, कधी जातात, दिसतसुद्धा नाहीत."

आजी खरंच बोलल्या. दिसत नव्हत्या, कारण येतच नव्हत्या.

आपल्या कामात बुडालेल्या फौजदारबाईंना एवढंच जाणवलं की आज यंत्रंसुद्धा शहाण्यासारखी वागतायत. अकराच्या सुमाराला चक्क दोन मिनिटं त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि कंबर सरळ केली. साहेबांनी लगेच घड्याळ दाबलं.

मंगळवारी मॅनेजरांचा चेहरा फुललेला. "अभिनंदन! अलार्म वाजल्यापासून बंद होईपर्यंत सरासरी चार सेकंद! मी असला आकडा बघितलेला नाही. आणि वर तुम्हाला मोकळा वेळसुद्धा मिळतो."

"कुणाला मिळतो?"

"तुम्हाला. खिडकीशी. दोन मिनिटं दहा सेकंद." त्यांनी कागद पुढे सरकवला. "या हिशेबाने तुमच्या खोलीला दीड नर्स पुरते."

"दीड?"

"म्हणजे एक पूर्ण वेळ आणि एक अर्धा वेळ. धाकट्या सिस्टर एक तारखेपासून नऊ वाजता वरच्या वॉर्डात जातील."

"साहेब, नऊ वाजता माझी शेवटची सुईसुद्धा लागलेली नसते! आणि अर्धी नर्स घेऊन मी काय करू? तिचे पाय ठेवताय की डोकं?"

"आकडे तसं म्हणत नाहीत," मॅनेजर म्हणाले. "अजून दोन दिवस मोजणी आहे. वेगळं दिसलं तर बघू."

फौजदारबाईंनी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. सांगायचं तर काय सांगायचं? की बटणं पेशंट दाबतात? ते सांगितलं की दीडाची एक होणार, आणि ती एकसुद्धा आपण नसणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जिन्यावरून खाली उतरताना त्या मनात हिशेब करत होत्या. नऊनंतर अकरा माणसं आणि आपण एकट्या. एकाला सुई लावत असताना दुसऱ्याचं काही झालं तर? आजवर खुर्चीत कुणी दगावलं नव्हतं ते दोन जोडी हात होते म्हणून. आता एक जोडी राहणार.

संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही एकदा काय केलं सांगू? नियमाप्रमाणे बस चालवली."

"म्हणजे?"

"म्हणजे नियमाप्रमाणे. प्रत्येक थांब्यावर बस पूर्ण उभी करायची. शेवटचा माणूस बसल्याशिवाय घंटा द्यायची नाही. सुटे पैसे मोजून हातात. दुपारपर्यंत अर्धं शहर पायी चाललं होतं."

"मग मागणी मान्य झाली?"

"नाही. पण मजा फार आली."

बुधवारी सकाळी, साहेब यायच्या आधी, फौजदारबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "आज कुणीही बोट हलवायचं नाही. यंत्र ओरडू दे. कुणी पुकारायचं नाही, लिहायचं नाही, सांगायचं नाही. तुम्ही पेशंट आहात. पेशंटसारखे पडून राहा."

"पण सोमवारी आपण इतकं छान..." सर सुरू झाले.

"सोमवारी तुम्ही माझ्या पायावर धोंडा पाडलात, सर! हिला काढून नेतायत एक तारखेपासून. म्हणे दीड नर्स पुरते."

सगळे धाकटीकडे बघायला लागले. धाकटीने मान खाली घातली.

"अगं बाई!" आजी म्हणाल्या. "आम्ही तर तुझी लाज राखायला गेलो."

"राखलीत, आजी. जरा जास्तच राखलीत."

आणि नियमाप्रमाणे काम सुरू झालं. सांगितलेत तितके सेकंद हात धुवायचे, त्यातला एकही कमी नाही. एका पेशंटचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. आकडे दोनदा तपासायचे, एकीने वाचायचे, दुसरीने ऐकायचे. आठ वाजता चार यंत्रं एकदम बोंबलत होती. साडेआठला सहा. सर मोकळा हात मांडीखाली दाबून बसले होते आणि प्रत्येक 'टुं'ला त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. आजींची पाळी अजून आलीच नव्हती. त्या खुर्चीत बसून डोळे मिटून "मी काही बघत नाही, मी काही बघत नाही" असं पुटपुटत होत्या. ड्रायव्हरने तर रुमालाचा बोळा करून दातांत धरला होता. साहेबांकडे घड्याळ एक आणि ओरडणारी यंत्रं सहा. कोणासाठी दाबावं? त्यांचा कागद संपला. त्यांनी दुसरा घेतला. तोही संपला. फौजदारबाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. घ्या म्हणावं! मोजा आता चार सेकंद!

साडेनऊ वाजता त्या आजींच्या हाताशी बसल्या. धाकटी नऊ नंबरला. तिथे सुईच्या जागेतून रक्त झिरपायला लागलं होतं, ती बोटाने दाबून उभी होती.

तेवढ्यात सात नंबरच्या ड्रायव्हरने जांभई दिली.

रुमाल तोंडातून पडला, पण त्याने उचलला नाही. दुसरी जांभई दिली. शिंपीकाकांनी बघितलं. ड्रायव्हरचे ओठ पांढुरके दिसत होते. या खुर्च्यांत बसणाऱ्याला जांभई म्हणजे काय ते ठाऊक असतं. रक्तदाब उतरायला लागला की माणूस आधी जांभया देतो, मग घामाने भिजतो आणि मग त्याची मान पडते. यंत्र अर्ध्या अर्ध्या तासाने दाब मोजतं, मधल्या वेळात मोजायला माणसाचे डोळे लागतात. पण काकांना सिस्टरांनी बजावलं होतं, सांगायचं नाही. आपण बोललो आणि पोरीची नोकरी हलली तर? बिचारे काका नुसते तळमळत राहिले. मग त्यांना वाटलं, सिस्टरांना सांगायचं नाही, साहेबांना सांगायला काय हरकत आहे? साहेब तिथेच दोन हातांवर होते.

"साहेब," काका कुजबुजले, "हे जांभया देतायत."

"मलाही येतायत," साहेब म्हणाले, आणि लिहायला लागले.

तिसऱ्या जांभईला ड्रायव्हरच्या कपाळावरून घाम ओघळला आणि मान एका बाजूला कलंडली. सहा वर्षांत ज्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे कुणी ऐकला नव्हता ते शिंपीकाका जिवाच्या आकांताने किंचाळले, "सिस्टर! सात नंबर!"

फौजदारबाईंनी मान वळवली. आजींच्या हातात सुई गेलेली, चिकटपट्टी अजून लागलेली नाही. हात सोडला तर सुई निसटणार. धाकटीने बोट काढलं तर रक्त उडणार. चार हात, चारही अडकलेले. सात नंबर खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

"काका, पाणी काढणं बंद करा! त्याच्या यंत्राचं डावीकडचं बटण! साहेब, तुम्ही उठा! उठा म्हणते ना! खुर्चीखालचा दांडा ओढा, डोकं खाली, पाय वर!"

साहेब उठले. कागद सगळीकडे उडाले. त्यांनी दांडा ओढला तो चुकीचा, खुर्ची गोल फिरली. "दुसरा! दुसरा!" अख्खी खोली ओरडली. दुसरा ओढला. खुर्ची मागे पडली, ड्रायव्हरचे पाय वर आले, आणि साहेब त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून वाकून उभे राहिले. काकांनी बटण दाबलं होतंच. तोवर पट्टी लावून फौजदारबाई धावत पोचल्या, सलाइन सोडलं, गालावर थापट्या मारल्या. "अहो ड्रायव्हर! डोळे उघडा! उघडा म्हणते ना!"

मिनिटाभराने ड्रायव्हरने डोळे उघडले. नाकावर साहेबांचा टाय लोंबत होता.

"मी गेलो का?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "हे कोण?"

"हे मोजणीवाले साहेब," काका म्हणाले.

"अरे देवा! म्हणजे वरसुद्धा मोजणी आहे?"

आधी आजी हसल्या, मग सगळेच. धाकटी हसता हसता रडायला लागली. फौजदारबाई हसल्या नाहीत. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली होती. हा माणूस मेला असता. माझ्या हट्टापायी, मी सगळ्यांची तोंडं बंद केली म्हणून मेला असता. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चुकलं माझं."

"सिस्टर, तुम्ही माफी मागताय?" तो आणखी घाबरला. "मग मी खरंच गेलोय!"

साहेब कोपऱ्यात जाऊन बसले. घड्याळ गळ्यात चालूच राहिलं होतं. फौजदारबाई त्यांच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नोकरी जाते तर जाऊ दे, पण आता गप्प बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"लिहा, साहेब. सोमवारचे तुमचे चार सेकंद खोटे आहेत. ती बटणं मी नाही दाबली. यांनी दाबली. हे सर, या आजी, हे काका. रक्त यंत्रात चाललेलं आणि मोकळा हात माझ्या मदतीला. इथे दोन नर्स नाहीत, तेरा आहेत, त्यातल्या अकरा आजारी आहेत. आज मी त्यांना गप्प बसवलं तर काय झालं ते तुम्ही हाताने धरलंत. आता तुमच्या दीड नर्सचं काय करायचं ते करा."

साहेब बराच वेळ कागद गोळा करत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "मी तो दांडा ओढला ना... ते कुठल्या रकान्यात लिहू?"

शुक्रवारी ते आले तेव्हा सोबत पट्टी घेऊन आले होते. कागदावर त्यांनी हाताने आणखी एक रकाना आखला. त्या दिवशी पेशंट नेहमीसारखे वागले आणि साहेबांनी या वेळी यंत्रांकडे नाही, हातांकडे बघितलं. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं की दोनशे बारा कामांपैकी सत्त्याण्णव नर्सनी केली आणि एकशे पंधरा पेशंटनी. खाली तळटीप होती. बुधवारी एक काम मोजणी करणाऱ्याने स्वतः केले, आणि ते पहिल्यांदा चुकले.

मॅनेजर अहवाल वाचून हादरले. बुधवारी माणूस मरता मरता वाचला हे त्यांनी त्या दिवशीच ऐकलं होतं, तेव्हा "अरेरे" म्हणून चहा घेतला होता. पण आता ते कागदावर आलं होतं, खाली सही होती आणि प्रत वरच्या कार्यालयात गेली होती. माणसाला न भिणारे कागदाला भितात. आठ दिवसांत फौजदारबाईंच्या हातात दोन पत्रं पडली. पहिल्यात, पेशंटकडून काम करून घेतल्याबद्दल कडक समज. दुसऱ्यात, धाकट्या सिस्टरची बदली रद्द आणि दोन नव्या नर्स एक तारखेपासून रुजू.

"समज मिळाली म्हणतेस, मग हसतेस काय?" यजमानांनी विचारलं.

"तुमच्या बसवाल्यांना मिळाली होती का कधी दोन माणसं?" त्या म्हणाल्या.

नव्या दोघी आल्या. तरण्याताठ्या, पळणाऱ्या. यंत्राने 'टुं' केलं की कुणीतरी हजर. आणि मग खोलीत वेगळाच रुसवा सुरू झाला. सरांनी सवयीने हात लांब करावा, तर नव्या मुलीने म्हणावं, "आजोबा, तुम्ही आराम करा." आजोबा! सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आजींचा वजनकाटा गेला. ड्रायव्हर म्हणाला, "आपली गाडी काढून घेतली राव." फौजदारबाईंनी सगळ्यांना झापलं, "आजारी माणसांसारखं आजारी पडा जरा! इतकी वर्षं फुकट राबलात तेवढं पुरे." पण जाता जाता शिंपीकाकांना मात्र हळूच म्हणाल्या, "तुम्ही डोळे मिटायचे नाहीत हां, काका. तुमच्यासारखी नजर या पोरींना यायला वेळ लागेल."

नव्या मुली येऊन दोन आठवडे झाले असतील. सकाळचे साडेदहा वाजले होते. अकराही माणसं जोडून झालेली, दिवे हिरवे, तक्ते भरलेले. धाकटी एका टोकाला, नव्या दोघी मधे. फौजदारबाई खोलीभर एक चक्कर मारून आल्या. काही काम नव्हतं. दुसरी चक्कर मारली, तरी नव्हतं. हातांचं काय करावं कळेना. शेवटी त्यांनी भिंतीकडेचं स्टूल ओढलं आणि सहा नंबरपाशी जाऊन बसल्या.

"काय काका, कसं वाटतंय?"

शिंपीकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी यंत्राकडे बघितलं. मग सिस्टरांकडे. मग स्टुलाकडे.

"सिस्टर," ते म्हणाले, "रिपोर्ट वाईट आलाय का?"

"छे हो! कसला रिपोर्ट?"

"खरं सांगा. मी ऐकू शकतो. फक्त घरी हिला फोन तुम्ही करा, मला जमणार नाही."

"अहो काका, काहीही झालेलं नाही! सहज बसले."

सरांनी चष्मा काढला. आजींनी हात जोडले. सात नंबरहून ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काका, धीर सोडू नका. आम्ही आहोत."

"अरे काय चाललंय काय तुमचं?" फौजदारबाई वैतागल्या. "माणसाने बसायचंसुद्धा नाही का?"

काका अपराध्यासारखे म्हणाले, "तसं नाही. सहा वर्षांत तुम्हाला एकदाच कुणाजवळ बसलेलं बघितलंय मी. अकरा नंबरच्या बाईंजवळ. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या."

फौजदारबाईंना ते आठवत होतं. पण तेवढं एकदाच, सहा वर्षांत एकदाच, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या उठल्या मात्र नाहीत.

"कुणी जात नाहीये," त्या म्हणाल्या. "मला वेळ आहे, म्हणून बसलेय."

काकांनी थोडा वेळ त्यांच्याकडे रोखून बघितलं, जणू त्या वेळेचंही माप घेत होते. "खरंच आहे वेळ?"

"आहे."

"मग एक सांगू का? रागावू नका. ती वरची सुई आहे ना, ती फार दुखते. तुम्ही लावली तरी, धाकट्या सिस्टरांनी लावली तरी. कोपराजवळ काहीतरी टोचतं, ते चार तास टोचतच राहतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सहा वर्षं? अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही घाईत असायचात ना," शिंपीकाका म्हणाले.

फौजदारबाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि स्टूल आणखी पुढे ओढलं. "दाखवा बघू हात," त्या म्हणाल्या.